चौथा प्रश्न : व्याजाच्या दराविषयी काही टिपणे

शालेय अंकगणितातील सरळव्याजाचे सूत्र बहुतेकांना आयुष्यभर पाठ असते. मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करावा, त्यास शंभराने भागावे, की व्याज निघते. या सूत्रात चार राशी आहेत आणि कोणत्याही तीन ठाऊक असल्या की उरलेली चौथी काढता येते. दर काढावयाचा असेल तर व्याजाला शंभराने गुणून मुद्दल आणि मुदत यांच्या गुणाकाराने भागावे, इतकेच. बीजगणिताच्या दृष्टीने या चारही राशींचा दर्जा समान आहे; कोणतीही ज्ञात असू शकते, कोणतीही अज्ञात.

इतिहासात मात्र तसे आढळत नाही. मुद्दल किती, मुदत किती आणि व्याज किती हे तीन प्रश्न देणारा आणि घेणारा दोघेही विचारीत आले. चौथा प्रश्न, म्हणजे दर किती, हा ज्याच्या हाती कागद आणि लेखणी असते त्याला पडत नाही, कारण त्याचे उत्तर त्यानेच ठरविलेले असते. तो पडतो ऋणकोला. म्हणून दर शोधून काढण्याची क्रिया ही केवळ एक भागाकाराची क्रिया नसून, व्यवहाराकडे ऋणकोच्या बाजूने पाहण्याची क्रिया आहे, असे आम्हांस वाटते. हा चौथा प्रश्न आपल्याकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या रूपात विचारला, याचा थोडा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. साहित्याच्या विद्यार्थ्यांना व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार परिचित असतात. तेथे ‘व्याज’ म्हणजे निमित्त, मिष, बाहेरून एक आणि आतून दुसरे. संस्कृत शास्त्रग्रंथांत कर्जावरील वाढीला सामान्यतः वृद्धी, कुसीद किंवा कलान्तर असे शब्द येतात. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘व्याजी’ नावाची एक वरकड आकारणी आढळते. टांकसाळीच्या संदर्भात ती शेकडा पाच सांगितली आहे. मराठीने आणि हिंदीने कर्जावरील वाढीसाठी वृद्धी वा कलान्तर हे शब्द न ठेवता व्याज हा शब्द स्वीकारला. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून व्यवहाराचा न्याय करू नये, हे खरे. तरीही ज्या व्यवहारात दर्शनी आकडा आणि खरा आकडा यांत वारंवार अंतर पडत आले, त्याच्या नावातच मिषाचा अर्थ दडलेला असावा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘द.सा.द.शे.’ हे आपले परिचित संक्षिप्त रूपही असेच बोलके आहे. दर साल दर शेकडा : या चार शब्दांत दराची दोन्ही मापे, काळाचे आणि रकमेचे, एकत्र बांधलेली आहेत. यांतले एक माप सैल झाले की दर हा आकडा निरर्थक होतो.

प्राचीन ग्रंथांतील दराचे माप सालाचे नसून महिन्याचे आहे. मनुस्मृतीत वसिष्ठाच्या नावे सांगितलेला दर मुद्दलाच्या ऐंशीव्या भागाचा आहे. दरमहा शंभराला सव्वा, म्हणजे वर्षाला पंधरा. अर्थशास्त्रातही धर्म्य दर हाच आहे. या ‘ऐंशीव्या भागा’त एक सोय आहे. दर असा सांगितला की ऐंशी महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होते, हे वेगळे गणित न करताच कळते. मनुस्मृतीने एकदम घेतलेले व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे, म्हणजे ज्याला पुढे दामदुपट म्हणू लागले ती. त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याचा काळच या दराने सांगून टाकला.

पण हाच ग्रंथ लगेच दुसरी व्यवस्थाही देतो. तीत ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच असा मासिक दर सांगितला आहे. दोनाच्या दराने रक्कम दुप्पट होण्यास पन्नास महिने लागतात, पाचाच्या दराने वीस. अर्थशास्त्रात धर्म्य दराच्या पुढे व्यापारी व्यवहारासाठी पाच, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस असा चढता क्रम आहे. तेथे दर जोखमीबरोबर वाढतो. मनुस्मृतीतल्या या श्लोकात तो ऋणकोच्या वर्णाबरोबर वाढतो. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : दर हा हिशेबातून निघत नाही, तो आधीच दिलेला असतो. येथे दर हे उत्तर नाही, आज्ञा आहे.

आता महाराष्ट्रातीलच एका शिलालेखाकडे वळू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात बेचाळिसाव्या वर्षी केलेल्या अक्षयनीवीची, म्हणजे कायम ठेवीची नोंद आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण भिक्षुसंघास दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, शंभराला एक या दराने. एक हजार दुसरीकडे, शंभराला पाऊण या दराने. हे पैसे परत द्यावयाचे नाहीत, केवळ वाढीचा उपभोग घ्यावयाचा, असे लेख स्पष्ट सांगतो.

शंभराला एक, पण केव्हा? महिन्याला की वर्षाला? लेखात दराच्या शेजारी काळाचे माप लिहिलेले नाही. येथे सरळव्याजाचे सूत्र उलट चालवावे लागते. लेखच पुढे सांगतो की दोन हजारांच्या वाढीतून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा याप्रमाणे चीवरासाठी रक्कम द्यावी. वीस गुणिले बारा म्हणजे दोनशे चाळीस. मुद्दल दोन हजार, व्याज दोनशे चाळीस, मुदत एक वर्ष. दर निघतो वर्षाला बारा, म्हणजे महिन्याला एक. दर वार्षिक मानला तर वाढ अवघी वीस होते आणि एका भिक्षूच्या वाट्याला एक कार्षापण येतो. मासिक मानला तर हिशेब तंतोतंत जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या कोरक्याने गाळलेले काळाचे माप आपण आज केवळ भागाकाराने परत मिळवू शकतो. हे शक्य होते, कारण त्या लेखाने मुद्दल आणि प्रत्यक्ष द्यावयाचे व्याज या दोन्ही गोष्टी सर्वांना दिसतील अशा दगडावर उघड लिहून ठेवल्या. जेथे तीन राशी उघड असतात तेथे चौथी लपू शकत नाही. पुढच्या इतिहासात नेमके हेच बदलते.

गणिताच्या ग्रंथांत दर अज्ञात म्हणून येतो तो आर्यभटापाशी. इसवी सन ४९९च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयाच्या गणितपादात एक नियम आहे. त्याचा आशय असा : एक रक्कम महिनाभर व्याजाने दिली, तिचे जे व्याज आले ते त्याच दराने आणखी काही महिने व्याजाने लावले, त्या व्याजाची आणि व्याजावरच्या व्याजाची बेरीज ठाऊक आहे, तर मूळ रकमेचे मासिक व्याज किती? भास्कर पहिला याने ६२९ साली लिहिलेल्या आपल्या भाष्यात या नियमावर उदाहरण दिले आहे. शंभराचे महिन्याचे व्याज ठाऊक नाही. मात्र ते व्याज चार महिने लावल्यावर सर्व मिळून सहा झाले. नियमाप्रमाणे सहा, चार आणि शंभर यांचा गुणाकार करावा, दोन हजार चारशे होतात. त्यात शंभराच्या निम्म्याचा वर्ग, म्हणजे दोन हजार पाचशे मिळवावे. चार हजार नऊशेचे वर्गमूळ सत्तर. त्यातून पन्नास वजा करून चाराने भागावे, उत्तर पाच. पडताळा सोपा आहे : शंभराचे पाच, आणि पाचाचे त्याच दराने चार महिन्यांचे एक, एकूण सहा.

साध्या भागाकाराने सुटणारा प्रश्न येथे वर्गसमीकरणापर्यंत गेला आहे, कारण व्याजाला व्याज लागले आहे. दर शोधणे खरोखर कठीण होते ते केव्हा, याचे उत्तर या उदाहरणात आहे. मुद्दल आणि व्याज जोवर वेगळी राहतात तोवर दर उघड असतो. व्याज मुद्दलात शिरले की तो शोधण्यास वर्गमूळ काढणारा माणूस लागतो.

यानंतर काही शतकांनी येणाऱ्या भास्कराचार्यांची लीलावती (इ. स. ११५०) ही पुढील शिक्षणपरंपरेत कितीतरी अधिक प्रचलित झाली. महाराष्ट्राशी तिचा संबंध केवळ भावनिक नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. शके ११२८च्या तेथील शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातील मालावरच्या आकारणीतून मठास दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे. गणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजारातून चालावा, हे लीलावतीतील उदाहरणांच्या प्रकृतीशी सुसंगतच म्हणावे लागेल.

लीलावतीतील पंचराशिकाचे प्रसिद्ध उदाहरण व्याजाचेच आहे. शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळांचे वर्षाचे किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. मग त्याच श्लोकात विद्यार्थ्याला आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत : मुद्दल आणि व्याज यांवरून काळ सांग, काळ आणि व्याज यांवरून मुद्दल सांग. तीन प्रश्न झाले आणि श्लोक संपला. चौथा विचारलेलाच नाही. मिश्रव्यवहारातही तसेच. त्याच पाचाच्या दराने वर्षअखेर मुद्दल-व्याज मिळून एक हजार झाले, तर दोन्ही वेगळी करा (मुद्दल सहाशे पंचवीस, व्याज तीनशे पंचाहत्तर). चौऱ्याण्णव निष्कांचे तीन भाग पाच, तीन आणि चार या दरांनी सात, दहा आणि पाच महिने लावले, व्याज तिन्हींचे सारखे आले, तर भाग कोणते (चोवीस, अठ्ठावीस, बेचाळीस). या सर्व ठिकाणी दर हाती दिलेला आहे.

याचा अर्थ भास्कराचार्यांना दर काढता येत नव्हता असा नव्हे. पंचराशिकाची रीत पाचांपैकी कोणत्याही राशीला लागू पडते आणि शिकणारा ती सहज वळवू शकतो. पाच हा आकडाही केवळ गुणाकाराच्या सोयीने निवडलेला असू शकतो. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाला समाजाचा आरसा मानण्याची घाई आम्ही करणार नाही. परंतु उदाहरणे कोणत्या बाजूने रचली जातात याला काही अर्थ असतोच. भाग पाडणारा, रक्कम लावणारा, मुद्दल-व्याज वेगळे करणारा हा गणक धनकोच्या गादीवर बसलेला आहे. आपला दर काय, हे त्याने स्वतःला का विचारावे?

ज्याने विचारावयास हवे होते तो पाठशाळेत नव्हता. त्याच्यासमोर जो व्यवहार येई त्यात दर्शनी दर आणि खरा दर वेगळे पडण्याच्या अनेक वाटा होत्या. एक वाट मनोतीची, म्हणजे कर्ज देतानाच कापून घेतलेल्या रकमेची. कल्पनेने एक उदाहरण मांडू. कागद शंभराचा, दर महिन्याला एक, मुदत सहा महिने. पण हातात नव्वदच पडले. सहा महिन्यांनी फेडावयाचे एकशे सहा. कागद म्हणतो, वर्षाला बारा. प्रत्यक्षात नव्वदांवर सहा महिन्यांत सोळा गेले, आणि सूत्र उलट चालविले तर दर निघतो वर्षाला साडेपस्तीसच्या वर. कागदावर एकही खोटा शब्द नाही, केवळ मुद्दलाचा आकडा बदलला आहे.

दुसरी वाट धान्याची. सवाई, दिढी, दुणी हे शब्द ग्रामीण मराठीत आजही समजतात. आषाढात मणभर धान्य घ्यावे आणि सुगीला दीड मण घालावे, ही दिढी. शब्दात काळाचा उल्लेख नाही, ‘दीडपट’ एवढेच. मुदत सहा महिन्यांची धरली तर दर वर्षाला शंभर होतो. पण येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आषाढात धान्य महाग आणि सुगीला स्वस्त असते. आषाढात मणाला तीन रुपये आणि सुगीला दोन असा भाव धरला, तर घेतले तीन रुपयांचे आणि दिलेही तीन रुपयांचेच. रुपयांत दर शून्य! म्हणजे मापाचे एकक बदलले की दर शंभरावरून शून्यावर येतो. मात्र तेच धान्य वहीत आषाढाच्या भावाने रुपये म्हणून मांडले, त्यावर रोकडीचे व्याज चढविले, आणि फेड सुगीच्या भावाने धान्यात घेतली, तर ऋणकोला दीड मण तर द्यावे लागतेच, वर व्याजाचेही धान्य द्यावे लागते. एकक कोणी निवडावयाचे, हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तिसरी वाट कागद नवा करण्याची, आणि एकोणिसाव्या शतकात तीच सर्वांत रुळली. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यांवरील दाव्यांना तीन वर्षांची मर्यादा आली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा असला तरी परिणाम असा झाला की तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शंभर रुपये, वर्षाला चोवीस. तीन वर्षांनी व्याज बहात्तर, नवा रोखा एकशे बहात्तरांचा. आणखी तीन वर्षांनी देणे दोनशे शहाण्णवांच्या जवळ जाते. दोन्ही रोख्यांवर दर चोवीसच लिहिलेला आहे. पण हाती आलेल्या शंभरांवर सहा वर्षांचा सरळ दर काढला तर तो साडेबत्तिसाच्या वर जातो. दामदुपटीचा नियमही येथे पांगळा होतो, कारण नव्या कागदाला जुने मुद्दल आठवत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या घरांवर हल्ले केले, आणि ती लाट पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. या दंग्यांचे वैशिष्ट्य इतिहासकारांनी वारंवार नोंदविले आहे : माणसांवरील हिंसा तुलनेने थोडी, आणि रोष मुख्यतः रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर. कागद मागितले गेले, मिळाले ते जाळले गेले. मराठी वाचकाला येथे तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविल्याची परंपरागत कथा आठवल्यावाचून राहत नाही. तेथे धनकोने स्वतः कागद बुडविले, येथे ऋणकोंनी जाळले. एकात वैराग्य आहे, दुसऱ्यात संताप. परंतु कागदातील हिशेब उलगडण्यापेक्षा कागदच नाहीसा करणे सोपे आहे, ही जाणीव दोन्हींत आहे. म. फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी विद्येच्या अभावापासून वित्ताच्या नाशापर्यंत जी कार्यकारणाची साखळी मांडली आहे, ती या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे अधिक नेमकी वाटते. ज्याला रोखा वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने सूत्रातील चारही राशी अज्ञात असतात.

दंग्यांनंतर आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. या कायद्याचे मूल्यमापन अनेक अंगांनी झाले आहे, आणि त्याने पतपुरवठा आखडला हा आक्षेपही जुना आहे. आमचे लक्ष वेधून घेते ते त्यातील हिशेबाचे कलम. न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे. मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी मांडावीत. मुद्दलाच्या खात्यात ऋणकोच्या हाती प्रत्यक्ष पडलेली रक्कमच धरावी. मधल्या काळात मुद्दलात मिळविलेले व्याज सामान्यतः मुद्दल मानू नये. आणि शिल्लक मुद्दलावर सरळव्याज आकारावे. मनोती आणि नवा रोखा या दोन्ही वाटा या कलमाने अडविल्या. राज्यसंस्थेने येथे ऋणकोच्या वतीने चौथा प्रश्न विचारला, आणि त्यासाठी तिला अंकगणितातील सर्वांत साध्या सूत्राकडे परतावे लागले. सरळव्याजाचे महत्त्व त्याच्या सोपेपणात नाही, तर त्यात मुद्दल मुद्दलच राहते यात आहे.

आजचा ऋणको साक्षर आहे आणि गणकयंत्र त्याच्या खिशात असते. म्हणून हा प्रश्न मिटला, असे मात्र नाही. बारा हजारांचे कर्ज, वर्षाला सपाट दहा टक्के, बारा समान हप्ते अकराशेचे, असा प्रस्ताव घ्या. व्याज बाराशे, सूत्राने दर दहाच येतो. पण बारा हजार वर्षभर ऋणकोकडे राहतच नाहीत. दर हप्त्यास हजार मुद्दल फिटते असे धरले, तर पहिल्या महिन्यात बारा हजार, दुसऱ्यात अकरा, अशी शिल्लक उतरत शेवटच्या महिन्यात हजारावर येते. या शिलकांची बेरीज अठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे वर्षभराचे सरासरी मुद्दल साडेसहा हजार. त्यावर बाराशे व्याज म्हणजे साडेअठराच्या जवळचा दर. १८७९च्या कलमातील ‘शिल्लक मुद्दल’ हा शब्दप्रयोग येथेही तेवढाच उपयोगी पडतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ऋणकोस मुख्य तथ्यांचे पत्रक देणे आणि त्यात सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक टक्केवारी दर लिहिणे आवश्यक केले. नव्वद हाती देऊन शंभरांवर व्याज लावण्याच्या जुन्या रीतीला दिलेले हे ताजे उत्तर होय.

नाशिकच्या लेण्यात दर अपुरा लिहिला असूनही तो आपल्याला सापडतो. एकोणिसाव्या शतकातील रोख्यावर तो स्पष्ट लिहिला असूनही सापडत नाही. दोहोंतील फरक गणिताचा नाही. पहिल्या लेखात किती दिले आणि किती मिळणार हे उघड आहे, दुसऱ्यात दर तेवढा उघड आहे. साहित्याच्या वर्गात आपण व्याजोक्ती शिकवितो तेव्हा जे सांगितले आहे त्यावरून जे झाकले आहे ते ओळखावयास सांगतो. कर्जाचा कागदही त्याच सावधपणाने वाचावा लागतो : लिहिलेला दर बाजूस ठेवून हातात काय आले, काय गेले आणि किती काळात गेले, एवढेच विचारावे. भागाकार त्यानंतर आपोआप होतो.